पंचेचाळीस दिवसांचं पाणी

अकोल्याहून वाशीमकडे निघालं की पातूरपर्यंतचा रस्ता काळ्या, सपाट वावरांतून जातो आणि पातूर सोडलं की घाट लागतो. पातूर तालुक्याची पाण्याची सगळी अडचण या चढात आहे. दक्षिणेच्या या टेकड्यांमधून मोर्णा आणि निर्गुणा उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात. वर मुरूम, खाली काळा खडक. पाऊस कितीही जोरात आला तरी नाल्याने पाहता पाहता निघून जातो. उत्तरेला पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरी खाऱ्या आहेत. इकडे पाणी गोड आहे, पण उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागतो.

२०१७ च्या उन्हाळ्यात याच टेकड्यांच्या उतारांवर माणसं टिकास, पावडी घेऊन उतरली. पाणी फाउंडेशनची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा त्या वर्षी अकोला जिल्ह्यात आली होती. पातूर, बार्शीटाकळी आणि अकोट हे तालुके तिच्यात होते. लोकांच्या अंगमेहनतीची एवढी मोठी चळवळ वऱ्हाडाने बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. तिच्यामागे देशातल्या मोठ्या उद्योगसमूहांच्या न्यासांचा पैसा होता. तो पैसा श्रमाची मजुरी म्हणून कोणालाच मिळाला नाही, तरीही काम कोणतं करायचं, किती दिवसांत करायचं आणि चांगलं काम कशाला म्हणायचं हे त्यानेच ठरवलं. हे कसं घडलं ते समजायचं तर पन्नासएक वर्षं मागे जावं लागतं.

श्रमदान ही काही वऱ्हाडाला मुंबईने शिकवलेली गोष्ट नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि गावालाही घ्यायला लावत. लोकांनी दिलेला पैसा धर्मशाळा, वसतिगृहं, सदावर्तं यांत गेला. बाबांच्या अंगावर चिंध्या आणि हातात गाडगं एवढंच राहिलं. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीतून ग्रामसफाई आणि सामुदायिक श्रमाचं वळण गावोगावच्या सेवामंडळांना लावलं. या कामात देणारा आणि राबणारा बहुतेक वेळा एकाच गावचा असे. हिशेब विचारायचा तर तो पारावर बसलेल्या माणसाला विचारता येत होता.

१९७२ च्या दुष्काळाने सगळी मोजमापं बदलली. लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबांध घालायला सरकारी कामांवर आली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या दुष्काळाने राज्यभर पसरवलं. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या योजनेचा पैसा कुठून आला, ही गोष्ट आज फारशी कोणाला आठवत नाही. १९७५ पासून शहरांतल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, तो यासाठी. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयातून खेड्यातल्या बाईला माती वाहण्याची मजुरी मिळत होती. तो कर होता, देणगी नव्हती. त्यामुळे काम मागणं हा हक्क झाला आणि काम मिळालं नाही तर तहसीलवर मोर्चा नेता येऊ लागला. धुळे, ठाण्याच्या आदिवासी भागांत शेतमजुरांच्या संघटनांनी याच कायद्याचा आधार घेऊन माणसं जोडली. पैशाचा उगम कायद्यात असला की त्यातून मागणी करणारी चळवळ उभी राहते, याचं महाराष्ट्रातलं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

त्याच दुष्काळातून दुसरी वाट निघाली. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते आणि कारखानदार. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कसायला घेतली आणि पुढे ग्रामगौरव प्रतिष्ठान उभं करून पाणीपंचायतीचा प्रयोग केला. उपसा योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा शेतकऱ्यांनी रोख भरायचा, पन्नास टक्के सरकारी अनुदान, उरलेले तीस टक्के प्रतिष्ठानने बिनव्याजी द्यायचे. इथवर ही वित्तपुरवठ्याची एक साधी रचना आहे. पण साळुंख्यांनी पैशाबरोबर अटी घातल्या. पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, माणशी अर्ध्या एकरापुरतं मिळेल. भूमिहीनालाही वाटा असेल. उसाला पाणी नाही. पाण्याची वाटणी हा प्रश्न पैसा देणाऱ्यानेच पहिल्या दिवशी मांडला, म्हणून गावाला त्याचं उत्तर द्यावं लागलं.

सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधलं ते आणखी वेगळ्या पैशावर. नदीतली थोडी वाळू गावाने स्वतः विकली आणि शहरांतल्या हितचिंतकांनी देणग्या, बिनव्याजी कर्जं दिली. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी मुक्ती संघर्ष चळवळीच्या झेंड्याखाली तिथं काम करत होते. वाळू कोणाची, हाच मुळात आंदोलनाचा मुद्दा होता. त्यामुळे निधी गोळा करण्याचं काम आणि लढ्याचं काम वेगळं राहिलंच नाही.

१९९० च्या सुमारास जर्मनीचा पैसा आला. अहमदनगर भागात काम करणारे जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. नाबार्ड आणि पुढे ‘वॉटर’ ही संस्था त्यात होती. इथं अट होती ती आधी श्रमदान करून दाखवण्याची. गावाने काही दिवस राबून तयारी सिद्ध करायची, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची, पाणलोट समिती नेमायची, मग निधी मिळायचा. डोंगर हिरवे झाले, हे खरंच आहे. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना चराईबंदीचा चटका सगळ्यात आधी बसला, हेही खरं आहे. समितीच्या बैठकीत त्यांचा आवाज बहुधा सगळ्यात बारीक होता.

परकीय निधीबद्दल तोवर दिल्लीत बराच संशय साठला होता. परकीय देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० मध्ये तो नव्याने आला आणि २०११ च्या नियमांत सरकारने ‘राजकीय स्वरूपाच्या’ संस्थांची ओळख सांगितली: बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो यांचा नेहमी अवलंब करणाऱ्या संस्था. म्हणजे चर खोदणाऱ्या संस्थेला बाहेरचा पैसा घेता येईल, रस्ता अडवणाऱ्या संस्थेला अडचण होईल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये या नियमाची धार कमी केली आणि राजकीय हेतू नसताना लोकांच्या प्रश्नावर उभ्या राहणाऱ्यांना त्यातून वगळलं. पण मधली नऊ वर्षं संस्था चालवणाऱ्यांच्या मनात ही रेघ ओढलेली होती.

महाराष्ट्रातल्या परिवर्तनवादी कार्यकर्त्यांनी या पेचावर आपल्या परीने एक उत्तर काढलं होतं. बाबा आढाव, श्रीराम लागू, निळू फुले, नरेंद्र दाभोलकर यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला तो अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून. नामवंत नट-नट्यांनी त्यासाठी काम केलं, प्रेक्षकांनी तिकिटं काढली, मुद्दल बँकेत राहिलं आणि व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना महिन्याचं थोडं मानधन मिळू लागलं. कार्यकर्त्याने काय करावं हे त्या मानधनाने सांगितलं नाही, तो जगावा एवढीच त्यात अपेक्षा होती. रक्कम लहान होती, म्हणून त्याची पोहोचही लहान राहिली.

वऱ्हाडात मोठा पैसा आला तो आत्महत्यांच्या मागोमाग. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यानंतर सर रतन टाटा ट्रस्टचा ‘सुखी बळीराजा’ उपक्रम याच जिल्ह्यांत आला. मग कृषी समृद्धी प्रकल्प, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘केम’, ज्यात आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार एकत्र होते. बचतगट, शेततळी, दुधाळ जनावरं, प्रशिक्षणं. काल शेतकऱ्यांच्या सभांमध्ये सतरंजी टाकणारी बरीच शिकलेली पोरं या प्रकल्पांत पगारावर लागली. त्यांना मी दोष देणार नाही. घरात आईबाप होते आणि नोकऱ्या नव्हत्या. पण प्रकल्पाचं तिमाही उद्दिष्ट आणि कापसाच्या भावाचं आंदोलन ही दोन कामं एका माणसाला एकाच वेळी करता येत नव्हती, आणि पगार पहिल्या कामाचा होता.

२०१३ च्या कंपनी कायद्याने हा ओघ आणखी वाढवला. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावेत, ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्याने जलयुक्त शिवार अभियान काढलं. पैसा तयार होता, सरकारची इच्छा तयार होती, पाऊस सलग दगा देत होता. २०१६ मध्ये आमिर खान, किरण राव आणि ‘सत्यमेव जयते’ या टीव्ही मालिकेचे दिग्दर्शक सत्यजित भटकळ यांनी पाणी फाउंडेशन सुरू केलं. टाटा ट्रस्ट, रिलायन्स फाउंडेशन अशांचं आर्थिक पाठबळ होतं. पाणलोटाचं ज्ञान साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ आणि त्यांच्यासारख्यांचं. पहिल्या वर्षी वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके होते आणि त्यांतली ११६ गावं. कोरेगावातलं वेळू पहिलं आलं. दुसऱ्या वर्षी ३० तालुके आणि १,३०० वर गावं झाली, त्यांत पातूर आलं.

स्पर्धेत उतरायला आधी ग्रामसभेचा ठराव लागे. मग गावातून पाच जण निवडायचे, त्यांत बायाही, आणि त्यांना चार दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला पाठवायचं. या प्रशिक्षणाची मला फार किंमत वाटते. हायड्रोमार्कर नावाचं एक साधन तिथं हातात देत: खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एकाने एका जागी काठी धरून उभं राहायचं, दुसऱ्याने उतारावर पुढे सरकत राहायचं. दोन्हीकडचं पाणी सारख्या खुणेवर आलं की दोन्ही जागा एका उंचीच्या. तिथं चुना टाकायचा आणि पुढची जागा शोधायची. अशा खुणांची ओळ जोडत गेली की सलग समतल चराची रेघ टेकडीवर उमटते. इंजिनिअरशिवाय आपला डोंगर आपल्याला वाचता येतो, हे दहावी नापास पोराला आणि शेतमजूर बाईला एका दुपारी कळत होतं.

स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवसांची. पुष्कळ गावांनी ७ तारखेच्या मध्यरात्री बाराच्या ठोक्याला पहिली कुदळ मारली. वऱ्हाडात एप्रिल-मे म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला. म्हणून काम पहाटे आणि सांजेला. गावाच्या ई-क्लास, म्हणजे गायरान जमिनीवर चर, नाल्यांत दगडी बांध, वावरांत ढाळीचे बांध, घरोघर शोषखड्डे, शाळेपाशी रोपवाटिका. हातांना न झेपणारं नाला खोलीकरण जेसीबी आणि पोकलेनवर. श्रमदान करणाऱ्या गावांना यंत्रं मोफत मिळवून देण्याचं काम शांतीलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने उचललं; डिझेल गावाने भरायचं, त्यासाठी घरोघर वर्गणी. या सगळ्याला गुण होते आणि एकूण गुण शंभर. पहिलं बक्षीस पन्नास लाखांचं. २०१७ चं ते वर्ध्याच्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने मिळवलं. पुढच्या वर्षी स्पर्धा ७५ तालुक्यांत पोचली, पातूर त्यातही होतं, आणि त्या वर्षाच्या महाराष्ट्र दिनी शहरांतले हजारो ‘जलमित्र’ गावांत येऊन राबले.

गावात यामुळे जे घडलं ते खोटं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन गट एकाच चरात उतरले. बौद्धवाड्यातली आणि पाटलाच्या वाड्यातली बाई एकाच रांगेत घमेलं पुढे देत राहिली. ज्यांनी हे पाहिलं त्यांना हे सगळं टीव्हीसाठी होतं असं म्हणवणार नाही. तरीही टीव्हीचा वाटा मोठा होता. फाउंडेशन गोष्ट सांगणाऱ्या माणसांनी उभं केलं होतं. स्पर्धेचे भाग मराठी वाहिन्यांवर दिसत होते आणि गावांना आपण दिसतो आहोत याची जाण होती. गोष्टीला सुरुवात लागते, अडथळा लागतो, शेवट लागतो. पंचेचाळीस दिवस ही गोष्टीची मुदत होती. जमिनीतल्या पाण्याचं वेळापत्रक तिच्यापेक्षा फार लांब आहे.

गुणांच्या तक्त्यात जे मोजता येत होतं तेच आलं: किती घनमीटर माती, किती शोषखड्डे, किती रोपं. पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता, त्यालाही गुण होते. पण साठलेलं पाणी कोणाच्या विहिरीला आणि कोणत्या पिकाला, या प्रश्नाला गुण देणं अवघड होतं. त्यावर गावात भांडण झालं असतं, आणि एकी हीच स्पर्धेची पहिली अट होती. टेकडीवर सगळ्यात जास्त राबला तो बहुधा भूमिहीन किंवा कोरडवाहूवाला. नाला खोल झाल्यावर पाणी आलं नाल्याकाठच्या बागाईतदाराच्या विहिरीला. नायगावात ज्या अटीवरून सुरुवात झाली होती, ती अट इथं कोणी घातलीच नाही.

यात कोणाचा कट नव्हता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीचा अभ्यास करणाऱ्या मेगन मिंग फ्रान्सिस यांनी असंच एक प्रकरण उलगडून दाखवलं आहे. १९२२ मध्ये चार्ल्स गार्लंड या तरुणाच्या वारशातून एक पुरोगामी निधी उभा राहिला. एनएएसीपी ही संघटना तेव्हा झुंडबळींविरुद्ध लढत होती. निधीच्या विश्वस्तांना शिक्षणातला भेदभाव जास्त महत्त्वाचा वाटला. पैसा तिकडे होता, संघटनेचा कल हळूहळू तिकडे झुकला. त्या वाटेने १९५४ चा शाळांबाबतचा ऐतिहासिक निकालही आला. झुंडबळींविरुद्धचा लढा मात्र मागे पडला. दाते सज्जन होते, मित्र होते. म्हणूनच त्यांचं ऐकणं सोपं गेलं.

पातूरच्या २०१७ या वर्षाचा दुसरा अर्धा भाग पाहिला की हे आपल्या मातीत दिसतं. उन्हाळा श्रमदानात गेला, पावसाळा आला, आणि हिवाळ्याच्या तोंडावर गुलाबी बोंडअळीने अकोला जिल्ह्यातला कापूस खाल्ला. ३ डिसेंबर २०१७ ला शेतकरी जागर मंचाने अकोल्यात ‘कासोधा’, म्हणजे कापूस-सोयाबीन-धान परिषद घेतली. दुसऱ्या दिवशी माजी केंद्रीय मंत्री यशवंत सिन्हा शेतकऱ्यांबरोबर जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, पोलिसांनी ताब्यात घेतलं, आणि पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर तीन दिवस ठिय्या झाला. सरकारने मागण्या मान्य केल्यावर ६ तारखेला तो उठला. जिल्हा तोच, वर्ष तेच, अडचणीत आलेला शेतकरीही तोच. चर खोदायला यंत्र, प्रशिक्षण, बक्षीस आणि कॅमेरा होता. ठिय्यासाठी यातलं काहीच नव्हतं. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने मान्यता नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. त्याच उन्हाळ्यात शेवटचा वॉटर कप झाला होता. या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडली नाही.

दरम्यान ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जलयुक्त शिवारवरचा अहवाल विधिमंडळात आला: सुमारे ९,६०० कोटी खर्चूनही गावांची पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात योजनेचा परिणाम थोडाच. देखभालीचं दुर्लक्ष हा त्यातला एक ठळक मुद्दा होता. वॉटर कपची कामं या योजनेतली नव्हेत, पण देखभालीचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. चर दोन-तीन पावसाळ्यांत मातीने भरतो. तो उपसायला ना स्पर्धा असते ना निधी, कारण जुना चर उपसला याची कोणी बातमी करत नाही.

पाणी फाउंडेशनने यातून काही धडा घेतला असं दिसतं. वॉटर कप थांबवून त्यांनी समृद्ध गाव स्पर्धा आणली, जिच्यात मुदत लांब होती आणि गवताळ माळापासून पीकपद्धतीपर्यंत विषय होते. २०२२ पासून फार्मर कप आला: गटशेती, एकत्र खरेदी, खर्चात बचत. दिशा बरोबर आहे. उत्पादनखर्च गटाच्या हातात येतो, भाव मात्र येत नाही. भावाच्या प्रश्नाला हात घातला की रस्त्यावर यावं लागतं, आणि तिथं दात्याची साथ सुटते. धरण-तलावांतला गाळ काढायच्या कामाला मात्र अलीकडे सरकार आणि काही न्यास पैसे देतात. २०२३ च्या गाळमुक्त धरण योजनेत लहान शेतकऱ्याला घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे अनुदान आहे. पुन्हा घनमीटर.

पाणी कोणी किती उपसायचं याचा कायदा मात्र महाराष्ट्राकडे आहे. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. साठ मीटरपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घेऊ नये असं तो सांगतो, आणि अधिसूचित क्षेत्रात पाण्याच्या हिशेबाने पीक ठरवण्याची वाटही त्यात आहे. त्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी निघाला, तेव्हा वऱ्हाडातल्या बोअरच्या गाड्या रात्रंदिवस चालू होत्या. पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकलेली माणसं आज पातूरच्या पुष्कळ गावांत आहेत. त्यांनी पिकाचा आणि बोअरच्या खोलीचा ठराव ग्रामसभेत आणला तर गावातल्याच बागाईतदारांशी वाद होईल, काही घरं दुरावतील, आणि त्या वेळी पाठीशी कोणता न्यास नसेल. नायगावात वाटणी आधी ठरली आणि पाइप मागून पडले. पातुरात चर आधी झाले आहेत. वाटणी ठरायची आहे.